बाटलीतला ढग

काही वर्षांपूर्वीचा जून. अकोल्याला दादाकडे गेलो होतो. अकोल्याचा जून ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. मृग लागून आठ-दहा दिवस झालेले. रोज दुपारी पश्चिमेकडून ढग भरून यायचे, हवा इतकी दमट व्हायची की कुलर असून नसल्यासारखा, आणि संध्याकाळी आकाश पुन्हा पुसल्यासारखं स्वच्छ.

घरात तेव्हा आणखी एक पाहुणे होते, आमचे मोठे बाबा. म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गावाहून आलेले. गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात मोबाईल, आणि दर दोन तासांनी गावाकडे एकच प्रश्न : "पाणी आला का?"

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे पाऊस येत नाही, पाणी 'येतो'. पाणी आला, पाणी पडून राह्यला, यंदा पाणीच नाही. विहिरीतलं, माठातलं आणि आभाळातलं, तिन्हीला शब्द एकच. पुण्यात शिकायला गेलो तेव्हा या 'पाणी आला'वरून माझी भरपूर थट्टा झाली होती. आता वाटतं, जिथे आभाळातलं आलं नाही तर विहिरीतलंही राहत नाही, तिथल्या लोकांनी दोन वेगळे शब्द ठेवायचे तरी कशाला?

असो. तर त्या आठवड्यात पुतणीची शाळा नुकतीच सुरू होणार होती आणि तिला विज्ञानासाठी एक प्रयोग करून न्यायचा होता. 'ढग कसा तयार होतो'. सातवीतली पोर, उत्साह दांडगा. मी रिकामाच होतो. मग आम्ही दोघं बसलो.

प्रयोग तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत केला असेल. कोल्ड्रिंकची दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्यायची. तळाला थोडं कोमट पाणी घालायचं आणि बाटली हलवायची. मग काडी पेटवून विझवायची, तिचा थोडासा धूर बाटलीत घ्यायचा आणि झाकण घट्ट लावायचं. आता बाटली दोन्ही हातांनी जोरात दाबायची आणि एकदम सोडायची. सोडली की आत पांढरं धुकं दिसतं. पुन्हा दाबली की गायब. पुन्हा सोडली की हजर. मागे काळा कागद धरला तर आणखी छान दिसतं.

पुतणीने ते पंचवीस वेळा करून पाहिलं. मग बाटली मोठ्या बाबांच्या चांगल्या डोळ्यासमोर नेऊन धरली. "आबा, हा बघा ढग!"

त्यांनी निरखून पाहिलं. म्हणाले, "हा तं धूर आहे वं."

"धूर असता तर दाबल्यावर कुठे गेला असता?" मी म्हटलं. "दाबलं की जातो, सोडलं की येतो. धूर असा जात-येत नाही, मोठे बाबा. हा ढगच आहे."

त्यांनी स्वतः दोन-तीन वेळा दाबून बघितलं. पटलं असावं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं. ढग झाला. अन् मंग पाणी काऊन नाही पडत त्याच्यातून?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण हा प्रश्न बाटलीबद्दलचा नव्हता. खिडकीतून बाहेर दिसत होतं ते आभाळ गेले आठ दिवस त्यांना हेच तर दाखवत होतं.

त्या रात्रीपासून मी या विषयाचं वाचतो आहे. मोठ्या बाबांना त्या दिवशी जे नीट सांगता आलं नाही ते आज इथे लिहितो.

बाटली जुनी आहे

गंमत म्हणजे हा 'शाळेतला' प्रयोग एके काळी जगातला नवा शोध होता. १८७५ साली फ्रान्समधल्या पॉल-जाँ कूलिए या रसायनशास्त्रज्ञाने जवळपास हेच केलं. काचेचा चंबू, तळाला पाणी, आणि चंबूला जोडलेला रबरी फुगा. फुगा दाबायचा, सोडायचा. सोडला की चंबूत धुकं. पण त्याच्या लक्षात आलं की चंबूतली हवा बराच वेळ तशीच ठेवली किंवा कापसातून गाळून घेतली, की धुकं येत नाही. पाणी तेच, दाब तोच, पण ढग नाही. बाहेरची ताजी हवा आत सोडली की ढग परत येतो.

पाच वर्षांनी, १८८० मध्ये, स्कॉटलंडच्या जॉन एटकनने कूलिएचं काम माहीत नसताना हाच निष्कर्ष काढला. त्याने दोन काचपात्रं घेतली. एकात साधी हवा, दुसऱ्यात कापसातून गाळलेली. दोन्हींत वाफ सोडली. पहिलं पात्र दाट धुक्याने भरलं, दुसरं स्वच्छ राहिलं. म्हणजे ढग व्हायला नुसती वाफ पुरत नाही. वाफेला बसायला काहीतरी लागतं. धुळीचा कण, धुराचा कण, समुद्रावरून उडालेला मिठाचा कण. आमच्या बाटलीतल्या काडीच्या धुराचं काम ते होतं. एटकनने पुढे हवेतले असे कण मोजायचं यंत्रसुद्धा बनवलं.

ढगाच्या पोटात धूळ असते, ही गोष्ट मला फार आवडते. आपण धूळ झटकत आयुष्य काढतो, आणि ती नसती तर एक ढग झाला नसता.

मग दाबून सोडण्याचं काय काम? दाबलेली हवा थोडी तापते, सोडली की पसरते आणि थंड होते. थंड हवेत वाफ मावत नाही, ती कणांवर बसते. ज्यांना हे डोळ्यांनी बघायचं असेल त्यांनी जुलैत परतवाड्याहून चिखलदऱ्याला जावं. खाली परतवाड्यात घाम, आणि घाट चढत गेलं की गाडीच्या काचेवर ढग. मेळघाटच्या डोंगराला धडकलेली हवा वर चढते, वर दाब कमी म्हणून पसरते, आणि पसरली म्हणून थंड होते. ढग होईपर्यंत दर किलोमीटरला साधारण १० अंश. चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर आहे. देवी पॉईंटला उभं राहिलं की दरीतून ढग अंगावर येतो तो हाच. तिथे बाटली दाबून सोडण्याचं काम गाविलगडचा डोंगर करतो.

या बाटलीचा पुढचा प्रवास तर अजबच. सी. टी. आर. विल्सन नावाचा तरुण १८९४ च्या सप्टेंबरात स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस शिखरावरच्या वेधशाळेत दोन आठवडे राहिला. ढगांवर उन्हाने उमटलेली रंगीत वलयं बघून वेडा झाला आणि केंब्रिजला परतून ती काचेच्या भांड्यात करून बघायला लागला. त्याला दिसलं की धूळ पूर्ण काढून टाकली तरी, हवा एकदम जास्त पसरवली आणि वाफ मावते त्याच्या चौपट झाली, तर थोडे थेंब होतातच. ते थेंब कशावर बसतात? हवेतल्या विद्युतभारित कणांवर. त्यातून १९११ मध्ये त्याने अणूतून सुटलेल्या कणांचे माग दिसणारी 'क्लाऊड चेंबर' बनवली आणि १९२७ चं नोबेल मिळवलं. ढग बघायला निघालेल्या माणसाला अणूचं आतलं जग दिसलं. पण पाऊस पाडण्याच्या गोष्टीत तो इथेच निरोप घेतो.

ढग आणि पाऊस

मोठ्या बाबांचा प्रश्न खरं तर इथून सुरू होतो. ढग झाला, पण पाणी का नाही?

ढगातला थेंब फार बारीक असतो. साधारण एका मिलिमीटरचा पन्नासावा भाग. पावसाचा थेंब एक-दोन मिलिमीटरचा. म्हणजे पावसाचा एक थेंब व्हायला ढगातले दहा लाखांच्या आसपास थेंब एकत्र यावे लागतात. तोवर ते इतके हलके असतात की हवेवर तरंगत राहतात. सगळे सारखेच बारीक असले तर एकमेकांना धडकत नाहीत, आणि धडकले नाहीत तर मोठे होत नाहीत. संध्याकाळ होते, जमीन निवते, वर चढणारी हवा थांबते, आणि सगळा ढग आला तसा विरून जातो. अकोल्याच्या आकाशात त्या आठवड्यात रोज हेच चाललं होतं.

मग माणसाच्या मनात आलं, या थेंबांना मोठं व्हायला आपण मदत केली तर?

१९४६ च्या जुलैमध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत व्हिन्सेंट शेफर एका थंड पेटीत श्वास सोडून ढग करत होता. पेटी पुरेशी थंड होईना म्हणून त्याने त्यात सुक्या बर्फाचा तुकडा टाकला, आणि क्षणात पेटी चमचमणाऱ्या हिमकणांनी भरून गेली. १३ नोव्हेंबरला त्याने विमानातून खऱ्या ढगावर सुका बर्फ टाकला. ढगातून खरंच हिम पडायला लागलं.. पण जमिनीवर पोचायच्या आधीच हवेत विरून गेलं. दुसऱ्याच दिवशी त्याच प्रयोगशाळेतल्या बर्नार्ड व्हॉनगट यांना सुक्या बर्फाऐवजी सिल्व्हर आयोडाइड चालतं हे सापडलं.

त्यानंतर जगभर लाट आली. आपल्याकडेही. १९५१ मध्ये टाटांच्या कंपनीने पश्चिम घाटात जमिनीवरून सिल्व्हर आयोडाइडचा धूर सोडून बघितला. १९५२ मध्ये हवामान खात्याचे पहिले भारतीय प्रमुख राहिलेले डॉ. एस. के. बॅनर्जी यांनी कलकत्त्याला हायड्रोजनच्या फुग्यांतून मीठ आणि सिल्व्हर आयोडाइड वर पाठवलं. १९५५ मध्ये दिल्लीला ढग आणि पावसाच्या अभ्यासासाठी वेगळं पथक झालं. १९६२ मध्ये पुण्याला ती संस्था निघाली जिला आज आपण आयआयटीएम, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, म्हणून ओळखतो.

आता बघा, मीठ का? आपल्याकडच्या पावसाळी ढगांचा बराच भाग बर्फ होण्याइतका थंड नसतो. अशा 'उबदार' ढगात हिमकणांची युक्ती चालत नाही. तिथे मीठ चालतं, कारण मीठ पाणी ओढतं. पावसाळ्यात डब्यातलं मीठ कसं ओलं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. मिठाच्या मोठ्या कणावर मोठा थेंब होतो, तो खाली येता येता लहान थेंबांना गिळत जातो, आणि पाऊस सुरू होतो.

हे वाचलं तेव्हा मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. आमच्या खारपाणपट्ट्यात, अमरावती-अकोला-बुलढाण्याच्या पूर्णाकाठात, मीठ जमिनीतच आहे. विहीर खणली तर पाणी लागतं आणि ते तोंडात धरवत नाही. पिकालाही चालत नाही. म्हणूनच तिथला शेतकरी वर बघत बसतो. पायाखाली मीठ असल्यामुळे जे पाणी नाही, ते आभाळातून आणायला आभाळात मीठ टाकायचं!

बारामतीची चिठ्ठी

आणि आता मला या सगळ्यात सर्वांत मोठी वाटलेली गोष्ट. तिला फारशी प्रसिद्धी मिळाली नाही.

१९७२ चा दुष्काळ घरातल्या मोठ्यांना सांगायची गरज नाही. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, पुण्याच्या संस्थेने बारामतीच्या आसपास ढगांत विमानातून मीठ टाकायला सुरुवात केली. सह्याद्रीच्या आडोशाला पडलेला कोरडा प्रदेश. १९७३, १९७४, १९७६, आणि मग १९७९ ते १९८६ सलग. असे एकूण अकरा पावसाळे.

पण त्यांनी नुसतं मीठ टाकलं नाही. प्रदेशाचे दोन भाग केले, एक उत्तरेचा आणि एक दक्षिणेचा, मध्ये मोकळा पट्टा सोडून. उड्डाणाच्या दिवशी यातल्या एकाच भागात मीठ टाकायचं, दुसरा तसाच सोडायचा. आणि कोणता भाग, हे ढग बघून कोणी ठरवायचं नाही. ते चिठ्ठी टाकल्यासारखं, नशिबावर. मग खाली दोन्हीकडे पडलेला पाऊस पर्जन्यमापकांनी मोजायचा.

हा खटाटोप कशासाठी? कारण पाऊस फार लहरी. गावाकडचे लोक म्हणतात, बैलाचं एक शिंग भिजते अन् दुसरं कोरडं राह्यते. ज्या ढगात मीठ टाकलं तो ढग कदाचित तसाही बरसणारच होता. जमेल तो चांगला काळा ढग निवडून त्यात मीठ टाकलं आणि पाऊस पडला, तर श्रेय मिठाचं की ढगाचं? ते कळायला एकच मार्ग : तसेच ढग मुद्दाम, काही न करता सोडून द्यायचे आणि काय होतं ते लिहून ठेवायचं. अमेरिकेत नोबेल मिळवलेले आयर्विंग लँगम्युर इथेच फसले. न्यू मेक्सिकोत आठवड्यातून ठराविक दिवशी सिल्व्हर आयोडाइड सोडल्यामुळे पार हजारो किलोमीटर दूर आठवड्याच्या तालात पाऊस पडतोय, असं ते ठामपणे म्हणत राहिले. हवामानशास्त्रज्ञांनी मान्य केलं नाही.

विचार करा. दुष्काळ डोळ्यांसमोर आहे. विमान आहे, मीठ आहे, वर ढग आहे, खाली माणूस हात कपाळाला लावून बघतो आहे. आणि चिठ्ठी म्हणते, आज हा भाग सोडायचा. अकरा पावसाळे त्यांनी चिठ्ठीचं ऐकलं. त्या वर्षांत सोडलेल्या भागातल्या माणसाला हे कोणी कसं समजावून सांगितलं असेल? मला सांगता आलं नसतं.

पण त्यामुळेच शेवटी सांगण्यासारखं काही हाती आलं. मीठ टाकलेल्या बाजूला सरासरी २४ टक्के जास्त पाऊस. निव्वळ योगायोगाने असा फरक पडण्याची शक्यता शंभरात चारच्या आसपास. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट, जी ढग तपासून कळली : किलोमीटरपेक्षा जास्त जाड आणि पाण्याने पुरेसे भरलेले ढग मिठाने वाढले. पातळ ढगांना मिठाचा उपयोग झाला नाही. उलट ते विरण्याकडेच झुकले.

म्हणजे ज्याच्याजवळ आहे, त्यालाच वाढवता येतं. जिथे कोरडं आभाळ आहे तिथे मीठ नुसतं मीठच राहतं. आमच्या बाटलीत तळाला पाणी आम्हीच घातलं होतं, हे विसरून चालत नाही.

दोन प्रकारचे प्रयोग

मराठीत 'प्रयोग' शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक प्रयोगशाळेतला, एक नाटकाचा. २००३ मध्ये महाराष्ट्र सरकारने दुष्काळी भागात विमानं उडवली तेव्हा वर्तमानपत्रांत 'कृत्रिम पावसाचा प्रयोग' असे मथळे आले. २०१५ मध्ये मराठवाड्यासाठी पुन्हा, २०१९ मध्ये पुन्हा, तेव्हाच्या औरंगाबादहून, आजच्या छत्रपती संभाजीनगरहून. आमच्याकडेही दरवेळी चौकाचौकात चर्चा व्हायची, इमान आपल्याकडे कधी येईल.

मी या मोहिमांची टिंगल करणार नाही. शेतकरी जेव्हा सगळीकडून हरलेला असतो, तेव्हा सरकारने काहीतरी करताना दिसणं यालाही किंमत असते. पण दिलासा द्यायला निघालेल्या विमानाला चिठ्ठी टाकता येत नाही. ते दिसेल त्या चांगल्या ढगाकडे जाणार, आणि जायलाच हवं. मात्र मग संध्याकाळी पडलेला पाऊस कोणाचा, हे कोणालाच सांगता येत नाही. बाजूने बोलणारे म्हणतात विमानाचा, विरोधात बोलणारे म्हणतात देवाचा, आणि दोघांकडेही दुसरी बाटली नसते.

ती दुसरी बाटली पुन्हा आली सोलापुरात. आयआयटीएमच्याच शास्त्रज्ञांनी २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत तिथे रडार, विमानं आणि पर्जन्यमापक लावून, कोणत्या ढगात फवारायचं हे पुन्हा नशिबावर सोडून काम केलं. २०२३ मध्ये निष्कर्ष आले : ढगापासून वाऱ्याच्या दिशेने पुढच्या भागात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस. आणि त्यासोबत तोच जुना इशारा, की हा दुष्काळावरचा उतारा नाही. दुष्काळात मुळात योग्य ढगच कमी असतात.

बारामतीच्या पहिल्या पावसाळ्यापासून सोलापूरच्या निष्कर्षापर्यंत पन्नास वर्षं. मिळालेलं उत्तर एवढं छोटं. पण खरं.

मोठे बाबा आणि भेंडवळ

आता परत अकोल्याला.

मोठे बाबा दरवर्षी अक्षय्य तृतीयेनंतर भेंडवळची वाट बघतात. वऱ्हाडात बहुतेक घरांत बघतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावात अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. भोवती अठरा प्रकारची धान्यं, मध्ये खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याने भरलेली घागर, वर पापड, कुरडई, पुरी. रात्रभर तिथे कोणी जात नाही. पहाटे पाहतात, कोणतं ढेकूळ किती भिजलं. त्यावरून कोणत्या महिन्यात पाणी कसा. तीन-साडेतीनशे वर्षांची परंपरा सांगतात.

मी तिथे लहानपणी एकदा गेलो होतो, मोठ्या बाबांच्याच खांद्यावर बसून. अजूनही त्या पहाटेची शांतता आठवते. शेकडो माणसं चार ढेकळांकडे बघत उभी. त्यावर माझा विश्वास नाही, पण हसूही येत नाही. पेरणीचा जुगार ज्याला खेळावा लागतो त्याला कोणीतरी काहीतरी सांगायला हवं असतं. तिथेही घागर, पाणी आणि माती आहे. फक्त शेजारी दुसरा घट नाही, आणि मागच्या वर्षी काय सांगितलं आणि काय झालं, याची वही कोणी उघडत नाही.

त्या जूनमध्ये जुगार खरा होता. शनिवारी गावाहून फोन आला. एक सर पडली होती, माती वरवर भिजली होती, शेजारच्यांनी पेरायला काढलं होतं. चुलतभाऊ विचारत होता, "पेरू का?"

२०१४ च्या जूनमध्ये असंच झालं होतं. देशभरात त्या महिन्यात ४२ टक्के पाऊस कमी पडला होता. मोठ्या बाबांनी पहिल्या सरीवर सोयाबीन पेरलं, मग पाण्याने तोंड फिरवलं, आणि दुबार पेरणी करावी लागली. बियाण्याचे पैसे दोनदा, खताचे दोनदा, आणि दुसऱ्यांदाचे उधार. घरात त्या वर्षाचा विषय कोणी काढत नाही.

त्यांनी फोन हातात धरला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तू एवढं वाचतं. सांग, हे ढग पडतीन का?"

काय सांगणार? मी प्रामाणिकपणे म्हटलं, "मोठे बाबा, मला नाही सांगता येत. पण कृषी खातं म्हणते पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पडल्याशिवाय पेरू नका. एका सरीनं तेवढं झालं नसन."

ते बराच वेळ गप्प होते. बाटली अजून टेबलावरच होती. त्यांनी ती उगाच एकदा दाबली, सोडली. मग फोनवर म्हणाले, "थांब. अजून दोन-चार दिवस थांब."

तुम्हाला वाटेल आता शेवट गोड होणार. पाणी पाचव्या दिवशी आला, चांगला आला, आमचं पेरणं नीट झालं. आणि ज्या शेजाऱ्यांनी शनिवारीच पेरलं होतं त्यांचंही उगवून आलं! जमिनीत ओल टिकली असेल, किंवा त्यांच्या वावरावर सर जरा जास्त पडली असेल. बैलाचं दुसरं शिंग. चुलतभावाने नंतर मला टोमणा मारलाच, "चार दिवस फुकट गेले ना बे."

मोठे बाबा मात्र म्हणाले, "एका वावरावरून काही समजत नाही." हे वाक्य ते बारामतीच्या चिठ्ठीबद्दल काही माहीत नसताना बोलले. सत्तर पावसाळे पाहिलेल्या माणसाने. एका वावरावरून काही समजत नाही, हे पटवून द्यायला शास्त्रज्ञांना अकरा पावसाळे घालवावे लागले होते. आणि शेतकऱ्याजवळ प्रत्येक जूनमध्ये एकच वावर असतं, एकच थैली बियाणं, आणि चिठ्ठी टाकायची सोय नसते.

निघायच्या आदल्या रात्री पुतणी वही घेऊन आली. मी तिला दुसरी बाटलीही करायला लावली होती. तसंच कोमट पाणी, तसंच झाकण, फक्त धूर नाही. त्यात नीट ढग झालाच नव्हता. अगदी पुसट काहीतरी, आहे की नाही असं. घरातल्या हवेत थोडी धूळ असतेच ना, म्हणून. तिला ते फार लाजिरवाणं वाटत होतं. म्हणाली, "काका, ही बाटली शाळेत नाही नेली तर चालेल? हिच्यात काहीच होत नाही."

मी म्हटलं, हीच आधी ने.

तिने वहीत दोन चित्रं काढली. एका बाटलीत ढग, दुसरी कोरी. कोऱ्या बाटलीखाली काय लिहायचं ते तिला सुचेना. मोठे बाबा पलंगावरून ऐकत होते. म्हणाले, "लिही नं. हिच्यात पाणी होतं, पण धूळ नव्हती."

तिने तसंच लिहिलं.